भालाईत, रणगाडा आणि रडीचा डाव

खेळात हरलेला माणूस साधारणपणे तीन प्रकारे बोलतो. 'माझी खेळी चुकली' असे म्हणणारे थोडे. 'आज दैवच फिरले होते' असे म्हणणारे पुष्कळ. तिसरा प्रकार मात्र त्या मानाने अलीकडचा, संगणकाबरोबर घरात आलेला. हा माणूस म्हणतो, 'मी बरोबर खेळलो, दैवाचाही प्रश्न नाही. हा खेळच खोटा आहे. जगात असे कुठे घडते का?' पहिले दोघे डावाविषयी बोलतात, तिसरा थेट जगाविषयी बोलतो. खेळाने जगासारखे असावे, निदान जगाच्या विरुद्ध जाऊ नये, अशी त्याची अपेक्षा असते आणि ती मोडली म्हणून तो संतापतो. हा संताप वरवर पोरकट दिसतो; पण थोडे थांबून पाहिले तर त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आढळतो. आपण एखाद्या गोष्टीला 'अवास्तव' कधी म्हणतो? वास्तवाशी ती जुळत नाही तेव्हा, की आपल्या इच्छेशी ती जुळत नाही तेव्हा?

प्रश्न नीट मांडायचा तर एखादा ठरावीक खेळ डोळ्यांसमोर हवा. १९९१ साली अमेरिकेतील मायक्रोप्रोज या कंपनीने 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली हे त्याचे रचनाकार. इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी डाव सुरू होतो. खेळाडूच्या हाती वसाहत करू पाहणाऱ्यांचा एक तांडा असतो. त्याने गाव वसवायचे, लिपी, चाक, लोखंड, छपाई, वाफेचे इंजिन असे एकेक ज्ञान पदरात पाडून घ्यायचे आणि शेवटी एक तर सगळे शेजारी जिंकायचे, नाही तर आल्फा सेंटॉरी या ताऱ्याकडे यान धाडायचे. बुद्धिबळाप्रमाणे हाही पाळीपाळीने खेळायचा डाव. आपली खेळी होईपर्यंत काळ थांबलेला असतो. चहा निवला तरी हरकत नाही, विचार करा आणि मग चाल करा. २०२५ मध्ये या खेळाची सातवी आवृत्ती निघाली. म्हणजे चौतीस वर्षांत बाप आणि मुलगा अशा दोन पिढ्या याच्यावर रात्री जागल्या.

आणि जवळजवळ पहिल्या दिवसापासून या खेळाविरुद्ध एक तक्रार चालत आलेली आहे. खेळाडू मोठ्या कष्टाने विसाव्या शतकापर्यंत पोहोचतो, रणगाडे बांधतो, मागासलेल्या शेजाऱ्याच्या वेशीवर नेतो. तिथे भाले घेतलेली एक प्राचीन फळी उभी असते. रणगाडा चाल करतो आणि रणगाडाच नष्ट होतो! भालाईत आपले जागच्या जागी उभे. जगभरच्या खेळाडूंमध्ये 'भालाईत आणि रणगाडा' ही जोडी आता म्हणीसारखी झाली आहे.

याचे गणित अगदी सोपे आहे. पहिल्या आवृत्तीत रणगाड्याचे चढाईचे बळ १०, भालाईतांच्या फळीचे बचावाचे बळ २. दोन्ही मिळून १२. फासा एकदाच पडायचा. साधारणपणे बारांत दहा वेळा रणगाडा जिंकणार, दोन वेळा भालाईत. म्हणजे सहांत एकदा. भालाईत टेकडीवर असतील तर त्यांचे बळ दुप्पट, शहराला तट असेल तर तिप्पट. जखमी होणे, अर्धवट माघार घेणे असला प्रकार नाही. एक उरणार, एक संपणार. त्यामुळे सहांतली ती एक वेळ येते तेव्हा ती पूर्णपणे येते.

माझा भाचा पूर्वी हा खेळ खेळताना मध्येच कळफलक बाजूला सारून म्हणायचा, "मामा, तुम्हीच सांगा की आता! भाल्यानं रणगाडा फुटतोय होय?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर वाटते तितके सरळ नाही.

* * *

आधी बुद्धिबळाकडे पाहू. आपल्या पटावर उंट तिरपा चालतो. कोणत्या वाळवंटातला उंट तिरपा चालतो? घोडा अडीच घरे उडी मारतो, वाटेत सबंध हत्ती उभा असला तरी. एक साधे प्यादे हत्तीला मारते, तेही सहांत एकदा नाही, दर वेळी, हमखास. आणि तेच प्यादे पटाच्या टोकाला पोहोचले की वजीर होते! चतुरंग या नावातच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सेनेच्या चार अंगांचा उल्लेख आहे. म्हणजे मुळात हाही युद्धाचाच खेळ. तरीही आजवर कोणी पट उधळून 'हत्ती प्याद्याकडून मरतो होय?' असे विचारलेले ऐकिवात नाही.

याचे कारण उघड आहे. बुद्धिबळ आपल्याला काही वचन देत नाही. 'मी युद्धासारखा आहे' असे तो म्हणतच नाही. 'हे माझे नियम, मान्य असतील तर बस' एवढेच सांगतो. संगणकावरचा खेळ मात्र वचन देतो. त्यात नकाशा असतो, सनावळी असते, पडद्यावर रणगाड्याचे चित्र असते, इंजिनाची घरघर असते. जितके चित्र हुबेहूब तितके वचन मोठे, आणि जितके वचन मोठे तितकी वचनभंगाची जखम खोल. तात्पर्य, 'अवास्तव' ही तक्रार मुळात खोटेपणाविषयीची नसून वचनभंगाविषयीची आहे. नाटकातला राजा पुठ्ठ्याचा मुकुट घालतो तेव्हा आपण रागावत नाही. पण सोन्याचा म्हणून पुठ्ठ्याचा मुकुट कोणी विकला, तर रागावतो.

इथपर्यंत भाच्याची बाजू मान्य केली पाहिजे. पण आता दुसरा प्रश्न येतो. खेळाने दिलेले वचन खरोखरच मोडले का?

* * *

२२ जानेवारी १८७९. दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवाना नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ब्रिटिश फौजेचा तळ पडला होता. तळावर सुमारे १,८०० माणसे, हाती मार्टिनी-हेन्री बंदुका, जोडीला तोफा. समोरून सुमारे २०,००० झुलू योद्धे आले. काहींपाशी जुन्या बंदुका होत्या, पण मुख्य शस्त्र आखूड भाला आणि कातड्याची ढाल. लॉर्ड चेम्सफर्डने आपले सैन्य विभागून अर्धे दुसरीकडे नेले होते, तळाभोवती गाड्यांचे कडे उभारलेले नव्हते, फळी लांबवर पसरलेली होती. संध्याकाळ होईपर्यंत तळावरची तेराशेहून अधिक माणसे मारली गेली. म्हणजे भालाईतांनी, खेळाच्या भाषेत बोलायचे तर, 'रणगाडा' फोडला. त्याच दिवशी, थोड्याच अंतरावर रोर्क्स ड्रिफ्ट येथे सुमारे दीडशे माणसांनी पोत्यांच्या आडोशाने तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवून धरले. एकाच दिवशी फासे दोन्ही बाजूंनी पडले. पुढे ४ जुलैला उलुंडी येथे ब्रिटिशांनी झुलूंचा मोड केला आणि युद्ध संपले. भालाईतांनी लढाई जिंकली, युद्ध हरले. सहांत एकदा म्हणतात ते हेच.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातील खेमकरण भागात, असल उत्तर या गावाजवळ, त्या काळचे नामांकित पॅटन रणगाडे पाणी सोडलेल्या शेतांत आणि उसाच्या फडांत अडकून पडले. जीपवर बसवलेल्या तोफेने रणगाडे टिपणारे हवालदार अब्दुल हमीद तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रणगाड्यापुढे जीप म्हणजे काय? एखाद्या खेळाच्या पडद्यावर कोणी हे पाहिले असते, तर 'असे कुठे असते का' म्हणून तोही ओरडला असता. चिखल, ऊस, वेळ, सेनापतीचा आळस, वाट चुकणे, दारूगोळा संपणे या सगळ्यांना संगणक एकच नाव देतो: फासा. फासा म्हणजे आपल्याला न दिसलेल्या कारणांची गोळाबेरीज.

शिवाय मापाचाही एक मुद्दा आहे. या खेळात एक पाळी म्हणजे सुरुवातीला कित्येक वर्षे असतात आणि शेवटी शेवटी एक वर्ष. पडद्यावरचा 'रणगाडा' हे एक यंत्र नसून एक सबंध फौज आहे, आणि 'लढाई' म्हणजे वर्षभराची मोहीम आहे. चित्रात भाला दिसतो म्हणून त्या देशाच्या सैनिकाला विसाव्या शतकात रात्री छापा घालता येत नाही, पूल उडवता येत नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या मुलखाला गनिमी कावा शिकवायला नको. डोंगर आणि तटबंदी यांच्या भरवशावर थोड्यांनी पुष्कळांना कसे झुंजवले, हे सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तेच भालाईत आपल्या बाजूचे असते तर आपण त्याला चमत्कार म्हटले नसते, पराक्रम म्हटले असते.

* * *

इथेच मर्माची गोष्ट आहे, आणि ती खुद्द सिड मायर यांनीच सांगून ठेवली आहे. २०१० साली सॅन फ्रान्सिस्को येथे खेळ रचणाऱ्यांच्या परिषदेत त्यांनी एक भाषण केले. त्यात त्यांनी आपल्या खेळाडूंचा अनुभव मांडला. बळ तीनास एक असे आपल्या बाजूने असताना खेळाडू हरला, तर तो म्हणतो की खेळात काहीतरी बिघाड आहे. वास्तविक तीनास एक याचा अर्थच चारांत एकदा हार असा होतो. पण बळ एकास तीन असे आपल्या विरुद्ध असताना खेळाडू जिंकला, तर त्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. आपल्या डावपेचांचे फळ म्हणून तो ते खिशात घालतो. गणित तेच, फासा तोच. फक्त बाजू बदलली. खेळाडू नाराज होऊ नयेत म्हणून अखेर रचनाकारांनी हिशेब खेळाडूच्या बाजूने थोडा झुकवला. लागोपाठ दोनदा हार येऊ नये, पारडे फार जड असेल तर हार येऊच नये, अशी सोय केली.

आपल्या अंगणातल्या खेळात या सोयीला फार जुने नाव आहे: कच्चा लिंबू! लहान भावंडाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य द्यायचे नाही, तो बाद झाला तरी बाद धरायचा नाही. फरक एवढाच की कच्च्या लिंबाला आपण कच्चा लिंबू आहोत हे ठाऊक असते आणि बाकीच्यांनाही ठाऊक असते. संगणकापुढे बसलेल्या थोराला मात्र ते ठाऊक नसते; तो 'आता खेळ अगदी खरा वाटतो' म्हणून समाधान पावतो. म्हणजे हिशेब जगापासून दूर सरकला, तेव्हा तो खेळाडूला जगाच्या जवळ आल्यासारखा वाटू लागला. आपल्याला 'वास्तव' म्हणून जे गोड लागते, ते पुष्कळदा आपल्या बाजूने झुकलेले पारडे असते.

हे केवळ करमणुकीपुरते असते तर हसून सोडून दिले असते. पण युद्धाचे खेळ पूर्वी करमणुकीसाठी नव्हते. प्रशियाच्या लष्करात १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याचा युद्धखेळ शिक्षणासाठी स्वीकारला गेला. नकाशा, सोंगट्या, फासे, नियमांची कोष्टके, आणि या सगळ्यांवर एक पंच. अडीअडचणीला पंचाने निर्णय द्यायचा. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके आणि फासे बाजूला ठेवून सारे काही अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवावे, असे सुचवले. सूचना शहाणपणाची होती. यंत्राला किंवा कोष्टकाला 'असे होणे शक्य आहे का?' हा प्रश्न ऐकू येत नाही. माणसाला तो ऐकू येतो. पण माणूस आहे म्हटल्यावर त्याला इच्छाही असते.

मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवे बेटावरील स्वारीची रंगीत तालीम पटावर केली. मित्सुओ फुचिदा आणि मासाताके ओकुमिया यांनी पुढे आपल्या पुस्तकात तिचा वृत्तान्त दिला आहे. अमेरिकेच्या भूमीवरील विमानांचा हल्ला झाला, फासे पडले आणि नऊ बॉम्ब लागल्याचे ठरले. 'अकागी' आणि 'कागा' ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली. मुख्य पंच होते अ‍ॅडमिरल उगाकी. त्यांनी निकाल बदलला: नऊ नव्हे, तीन. 'अकागी' वाचले, 'कागा' बुडाले. आणि पुढच्या डावात तर बुडालेले 'कागा'ही पुन्हा पटावर आले. नऊ बॉम्ब लागणे त्यांना अवास्तव वाटले. ४ जून १९४२ रोजी प्रत्यक्ष लढाईत 'अकागी', 'कागा', 'सोर्यू' आणि 'हिर्यू' या चारही जहाजांवर मर्मी घाव बसले आणि चारही बुडाली. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की भूमीवरून आलेल्या विमानांचा या जहाजांवर एकही बॉम्ब लागला नाही. घाव घातला तो अमेरिकेच्या विमानवाहू जहाजांवरून आलेल्या विमानांनी. म्हणजे उगाकींची शंका अगदीच निराधार होती असे नाही. तरीही प्रश्न उरतोच. आपली जहाजे बुडू शकतात, हा विचार पटावर आला होता. त्याचा विचार करण्याऐवजी तो पुसला गेला. पटावर हरणे स्वस्त असते. ती स्वस्त हार ज्याने नाकारली, त्याला महाग हार पत्करावी लागली.

* * *

तेव्हा 'अवास्तव' म्हणून ओरडणारा प्रत्येक जण रडीचा डाव खेळतो, नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणून मोकळे व्हावे काय? तसे नाही. काही तक्रारी खऱ्याच आहेत आणि त्या ओळखू आल्या पाहिजेत.

वरच्या पायऱ्यांवर खेळताना संगणकाच्या बाजूला गुपचूप सवलती मिळतात. त्याच्या गावात तेच काम कमी खर्चात उरकते, त्याला सुरुवातीलाच जास्त माणसे मिळतात. तो अधिक शहाणा झालेला नसतो. त्याच्यासाठी वजनमापे वेगळी असतात. ही तक्रार वास्तवाविषयीची नाहीच, ती न्यायाविषयीची आहे. एकाच बाजारात दोन तागड्या चालू नयेत, हे म्हणणे रडीचे नव्हे. अर्थात आपल्या बाजूने झुकलेल्या तागडीविषयीही आपण तितक्याच मोठ्याने बोललो, तरच.

२०१० च्या पाचव्या आवृत्तीत एका घरात एकच फौज ठेवता येते असा नियम आला आणि धनुर्धारी दोन घरे लांब बाण मारू लागले. पृथ्वीच्या नकाशावर खेळताना त्याचा अर्थ इंग्लिश खाडीपलीकडे बाण मारणे असा होतो. ही तक्रारही खरी. पण ती निरुपद्रवी आहे. तिथे नकाशाचे माप एक आणि लढाईचे माप दुसरे. त्यात कोणाची बाजू दुखावत नाही, म्हणून त्यावर लोक हसतात आणि खेळत राहतात.

तिसरी तक्रार आपल्यासारख्यांनी थांबून पाहावी अशी आहे. २००१ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'संस्कृती' नावाचा आकडा आला. देवळे, ग्रंथालये बांधली की हा आकडा वाढतो आणि त्याबरोबर आपल्या रंगाची सीमा नकाशावर पसरत जाते. शेजाऱ्याची संस्कृती फार बळावली तर सीमेवरचे शहर एका पाळीत रंग बदलून त्याच्याकडे जाते, आणि त्यात ठेवलेली शिबंदीही नाहीशी होते! खेळाडू चिडत ते त्या शिबंदीपायी. 'वीस पलटणी होत्या, त्या गेल्या कुठे?'

बेळगाव, निपाणी, बिदर, किंवा इकडे इंदूर-बडोदे, अशा गावांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना मात्र यात वेगळीच गोष्ट अवास्तव वाटेल. शहराला एकच रंग असतो, हे! ज्या घरात आजी एका भाषेत ओवी म्हणते आणि भाजीवालीशी दुसऱ्या भाषेत भाव करते, जिथे जावई पलीकडचा आणि सून अलीकडची, जिथे एकाच दुकानाच्या पाटीवर दोन लिप्या आहेत, त्या घराला कोणत्या रंगात रंगवणार? गावाचा रंग कागदावर एका रात्रीत बदलू शकतो. पण माणसे शिबंदीसारखी नाहीशी होत नाहीत. ती तिथेच राहतात, दोन्ही भाषांत स्वप्ने पाहतात, आणि पुढच्या पिढीला दोन्ही मुळाक्षरे गिरवायला लावतात. रंग एकच धरल्याशिवाय खेळ चालत नाही, हे खरे. पण रंग एकच असतो असे हळूहळू वाटू लागणे, हा खेळाचा सर्वांत मोठा अवास्तवपणा आहे, आणि त्याविषयी तक्रार करणारा खेळाडू क्वचितच भेटतो.

* * *

आता ज्या गोष्टींविषयी फार कमी लोक रागावले, तिकडे वळू.

१९९४ साली मायक्रोप्रोजने 'कोलोनायझेशन' हा त्याच घराण्यातला खेळ काढला. इंग्रज, फ्रेंच, स्पॅनिश आणि डच यांपैकी एकाच्या वतीने अमेरिका खंडात वसाहत करायची. ऊस, तंबाखू आणि कापूस पिकवायचा, त्यांपासून रम, चिरूट आणि कापड बनवून युरोपात विकायचे, आणि शेवटी मायदेशाविरुद्ध बंड करून स्वतंत्र व्हायचे. खेळ उत्तम रचलेला आहे. फक्त त्यात आफ्रिकेतून आणलेले गुलाम नाहीत. एकही नाही. ऊस आहे, तंबाखू आहे, कापूस आहे, जहाजे आहेत, बाजारभाव आहेत. आणि ज्यांच्या पाठीवर हा सगळा व्यापार उभा होता, ते सुमारे सव्वा कोट लोक, ज्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबले गेले, ते पटावरून गायब आहेत. निपाणीच्या वाचकाला सांगायला नको की तंबाखू आपोआप उगवत नाही आणि आपोआप वळली जात नाही. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी महामार्गावर येऊन बसले, तेव्हा त्या पानामागचा घाम सगळ्या देशाने पाहिला. घामाशिवाय तंबाखू दाखवणारा पट हा भाल्याने फुटणाऱ्या रणगाड्यापेक्षा किती तरी पटींनी अवास्तव आहे. काही टीकाकारांनी हे बोलूनही दाखवले. पण खेळणाऱ्यांची रात्रीची झोप त्याने उडाली नाही. कारण त्यात त्यांचा डाव हरत नव्हता.

इथे महाभारतातल्या द्यूतसभेची आठवण होते. फाशांविषयी तक्रार करणारे त्या सभेनंतर पुष्कळ निघाले; शकुनीचे फासे आजही बदनाम आहेत. पण भर सभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला, तो फाशांविषयी नव्हता. स्वतःला हरलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार राहतो का, असा तो प्रश्न होता. फासे सरळ पडले असते तरी तो प्रश्न तसाच राहिला असता. खेळणारा फाशांची तक्रार करतो. पणाला लागलेला माणूस पटाची तक्रार करतो. दोन्ही तक्रारींना आपण 'हे बरोबर नाही' असेच शब्द वापरतो, म्हणून त्या एकच आहेत असे वाटते.

पणाला लागलेल्या माणसाचा आवाज या खेळालाही एकदा ऐकू आला. २०१८ च्या सुरुवातीला सहाव्या आवृत्तीच्या पुरवणीत कॅनडातील क्री लोकांना आणि त्यांचा नेता पाउंडमेकर याला स्थान मिळाले. खेळ बनवणाऱ्यांचा हेतू गौरवाचाच होता. पण त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या क्री समुदायाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी जाहीरपणे हरकत घेतली. इतरांच्या भूमी जिंकत जाणे हे जणू आमच्याही लोकांचे ध्येय होते असा समज यातून पसरतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पाउंडमेकर कोण होता हे कळले की हरकतीचे वजन कळते. १८८५ मध्ये कट नाइफ येथे सरकारी फौजेने त्याच्या छावणीवर हल्ला केला, तो फसला आणि फौज माघारी वळली. तेव्हा पळणाऱ्यांचा पाठलाग करू नका, असे म्हणून त्याने आपल्या योद्ध्यांना रोखले. तरीही त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. २०१९ साली कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी त्याला अधिकृतपणे निर्दोष ठरवले. पळणाऱ्या शत्रूला जाऊ देणारा माणूस, आणि त्याला बसवले कुठे, तर नकाशा गिळत जाण्याच्या पटावर! या पटावर क्री लोकांना फासे कितीही चांगले पडले तरी ही तक्रार मिटणार नाही.

गांधीजींविषयी याच खेळात एक आख्यायिका आहे. हिशेबातल्या चुकीमुळे पहिल्या आवृत्तीतले गांधी अचानक अणुबॉम्ब टाकू लागत, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. २०२० साली सिड मायर यांनी आत्मचरित्रात स्पष्ट केले की अशी चूक मुळात नव्हतीच. पण २०१० च्या आवृत्तीत मात्र थट्टा म्हणून त्यांची अण्वस्त्रांची ओढ मुद्दाम भरमसाट ठेवली गेली होती. या थट्टेवर हसावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. गांधीजी स्वतः कदाचित हसलेही असते. मला त्यात वेगळेच दिसते. अहिंसेने राज्य मिळवण्याची चालच ज्या पटावर नाही, तिथे गांधी नावाच्या सोंगटीने दुसरे काय करावे? तिला फक्त इतरांसारखे वागता येते.

* * *

या सगळ्यातून खेळ वाईट आहेत, मुलांनी खेळू नयेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पाळीपाळीने खेळायचा डाव माणसाला थांबायला शिकवतो, समोरच्याची पाळी मानायला शिकवतो. आजच्या दिवसांत हे थोडे नाही. आणि कोणताही पट सगळे जग मावेल एवढा मोठा नसतो. काही वगळावेच लागते. नकाशाकाराने ओढा वगळला म्हणून आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. विहीर असलेल्या जागी त्याने सपाट रान दाखवले, तर मात्र जाब विचारतो. वगळलेल्या गोष्टीत कोणी पडून बुडणार आहे का, हा खरा प्रश्न असतो.

म्हणून 'असे कुठे असते का?' हा शब्द तोंडात आला की दोन गोष्टी तपासून पाहाव्यात असे मला वाटते. पहिली, पट फिरवून पाहावा: हेच माझ्या बाजूने घडले असते तर मी एवढ्याच जोराने ओरडलो असतो का? उत्तर 'नाही' आले, तर तो रडीचा डाव. मुकाट्याने पुढची खेळी करावी. दुसरी, पटाबाहेर पाहावे: या डावात ज्याच्यापाशी फासेच नाहीत असा कोणी आहे का, आणि त्याने तक्रार केली असती तर ती कशाविषयी असती? ही तपासणी अवघड आहे, कारण तिथे आपले काहीच हरलेले नसते आणि न हरलेल्या माणसाला राग येत नाही.

संगणकाच्या पडद्यापुरतेच हे लागू आहे असेही नाही. निवडणुकीचा निकाल लागतो, कोर्टाचा निवाडा येतो, जनगणनेत भाषेपुढचे आकडे छापून येतात, भावाभावांत शेताचा बांध सरकतो. दर वेळी कोणी तरी म्हणते, हे वास्तवाला धरून नाही. कधी ते खरे असते, कधी नसते. भालाईत जिंकला म्हणून रागावलेला माणूस आणि आपल्याला पटावर चुकीचे बसवले म्हणून दुखावलेला माणूस, दोघांचा आवाज सारखाच मोठा असू शकतो. त्यांतला कोणता ऐकून घ्यायचा, हे फासे सांगत नाहीत. तिथे पंच लागतो, आणि तो आपल्यालाच व्हावे लागते. आपला स्वतःचा डाव चालू असतानासुद्धा.